मारुतीची पायरी शंभर धरून

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या साहेबांना नाही, देवासमोरसुद्धा नीट शब्दांत नाही. एका घराची उंची मी चुकीची लिहिली. ती चुकीची आहे हे मला पुढे कळलं, आणि मी गप्प बसलो. त्या घरात आजही माणसं राहतात, आणि पावसाळा अजून सरलेला नाही.

निमित्त झालं ते आमच्या कॉलनीतल्या गटाराचं. सकाळी दूध आणायला बाहेर पडलो तर कोपऱ्यावर तिपाई उभी, तिच्यावर पिवळं यंत्र, आणि लांबवर एक मुलगी काळ्या-लाल खुणांची उंच पट्टी धरून उन्हात डोळे बारीक करून उभी. धुळ्यात अशी कामं नेहमीच चालतात, त्यात पाहण्यासारखं काही नाही. पण तिच्या जोडीदारानं आमच्या कंपाउंडच्या पायथ्याशी उकिडवं बसून लाल ऑइलपेंटनं एक आकडा लिहिला आणि तो ओला, तेलकट, जरासा गोडसर वास माझ्यापर्यंत आला. दुधाची रिकामी पिशवी हातात घेऊन मी तिथंच थांबलो. माणसाला भूतकाळ आठवतो तो मनात, असं म्हणतात. मला तो नाकात आठवतो. तो वास म्हणजे माझ्यासाठी चाळीसगाव तालुक्याच्या डोंगराकडचं एक गाव, उन्हाळ्यानं कोरडा पडलेला नाला, आणि एका घराच्या जोत्यावर माझ्याच हातानं काढलेले पाच अंक.

तेव्हा मी विशी नुकती ओलांडली होती. धुळ्याला डिप्लोमा झालेला, नोकरी तात्पुरती. नाल्याच्या वरच्या अंगाला बांध व्हायचा होता आणि त्याआधी गावातली कोणती घरं पुराच्या पाण्याखाली येतात ते ठरवायचं होतं. रेषेच्या खाली असतील त्या घरांच्या चौकटीवर फुली मारायची, आणि त्या माणसांनी वर माळावर, नव्या गावठाणात जायचं. रेषा ठरवायची रीत साधी होती. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आबांना विचारायचं, पाणी आजवर कुठवर आलं? आबांनी काठी टेकत टेकत आम्हाला मारुतीच्या देवळापाशी नेलं. पायरीला पाणी कधी शिवलं नाही, ते म्हणाले, पण तिच्या हातभर खाली जोतं बांधलंय त्या दगडापर्यंत ते स्वतः लहान असताना आलं होतं. त्यांनी काठीचं टोक त्या दगडावर टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मला आठवतं, भर वैशाखात ती शिळा कोरडी ठणठणीत होती.

आता जरा या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. उंची कधी नुसती नसते, ती कशाच्या तरी मानानं असते. म्हणून आम्ही मारुतीची पायरी शंभर मीटर धरली. ती खरी शंभर नव्हे, पण एकदा धरली की सगळं गाव तिच्या मानानं वर नाहीतर खाली. मग यंत्र उभं करायचं, त्यातला बुडबुडा मधोमध आणायचा, म्हणजे दुर्बिणीची नजर पाण्यासारखी सपाट होते. पट्टी पायरीवर उभी करून वाचली, एक पूर्णांक तीनशे पंच्याऐंशी. म्हणजे माझी नजर एकशे एक पूर्णांक तीनशे पंच्याऐंशीवर. इथून पुढं सगळी वजाबाकी. ज्या जागेवर पट्टी ठेवाल तिथलं वाचन त्या नजरेतून वजा करा, त्या जागेची उंची मिळते. मला हे काम फार आवडायचं. जळगावात लहानाचा मोठा झालो, केळीच्या बागांना पाटाचं पाणी सोडताना वडिलांना बघितलं होतं. पाणी कुठं वळेल हे ते नुसत्या पायानं ओळखत. मला मात्र तेच ज्ञान काचेतून, आकड्यांतून मिळालं होतं आणि त्याचा मला तारुण्यातला ताठा होता.

आमच्या यंत्राचा एक गमतीचा दोष होता. जुनी दुर्बीण, तिच्यातून जग उलटं दिसायचं. झाडं खाली लोंबलेली, माणसं पाय वर करून चालणारी. आमच्या सवयीचं होतं, पण गावात त्याची बातमी पसरली आणि बाया-पोरं बघायला येऊ लागली. त्यांत एक अक्का होती. पन्नाशीची, विधवा, नाल्याच्या कडेला तिचं एकटीचं जुनं घर, पुढे प्रशस्त ओटा, ओट्यावर खाटेवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. तिनं पदर खोचला, डोळा दुर्बिणीला लावला आणि ओरडलीच.

"अवं माय वं! मन्हं घर ते उलटं टांगेल शे! चूल पडी जाई ना!"

पट्टी धरणारे आमचे नाना तिच्याच ओट्याशी उभे होते. मोठे थट्टेखोर. तिथूनच ओरडले, "अक्का, डोकं खाले पाय वर करी देख, सीधं दिखी!"

"तूच व्हय उलटा, मुडद्या! मन्हा बिबडा खाईसन उभा शे आणि माले शिकाडस!"

सगळे हसले. मग ती माझ्याजवळ आली, आणि हसणं तिच्या तोंडावरून एकदम उतरलं. हळूच म्हणाली, "ए भाऊ, खरं सांग. मन्हं घर पानीमा जाई का रे?" मी म्हणालो, अजून मोजायचंय. ती म्हणाली, "माळवर माले नही जावानं. तठे ना झाड, ना शेजार. मन्हा मालक या घरमा गया. माले बी याच घरमा जावानं शे." दुपारी तिनं आम्हाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मी जेवत होतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू उत्तर माझ्या घासात कुठंतरी दडलं होतं.

तिच्या जोत्यावरचं वाचन होतं दोन पूर्णांक सहाशे चाळीस. एकशे एक पूर्णांक तीनशे पंच्याऐंशीतून दोन पूर्णांक सहाशे चाळीस. तिसरीतलं पोर करील अशी वजाबाकी. मी ती ओट्यावरच बसून केली, तिच्या समोर, तोंडाला भाकरीची चव असताना. खालचा आकडा मोठा म्हणून डावीकडून एक हातचा घेतला, आणि पुढे तो कमी करायचा विसरलो. लिहिलं नव्याण्णव पूर्णांक सातशे पंचेचाळीस. यायला हवं होतं अठ्ठ्याण्णव. आबांचा दगड होता नव्याण्णव पूर्णांक साडेपाचशेवर. माझ्या आकड्यानं अक्काचं घर पुराच्या रेषेच्या वीतभर वर गेलं. खऱ्या हिशेबानं ते कमरेइतकं खाली होतं. मी वर बघितलं आणि म्हणालो, "अक्का, तुमचं घर वाचलं." तिनं दोन्ही हातांनी माझ्या कानशिलांवरून बोटं मोडली. मग मी रंगाचा डबा मागवला आणि रीतीप्रमाणे जोत्याच्या दगडावर तो आकडा लाल रंगात लिहिला. वळणदार लिहिला. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.

तुम्ही म्हणाल, ताळा करत नाहीत का? करतात. आणि इथंच या कामातली ती जागा आहे जिथं माझ्यासारखा माणूस लपून राहू शकतो. यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना ज्या नोंदी होतात, तेवढ्याच ताळ्यात येतात. सुरुवात आणि शेवट जुळला की ताळा जुळला. मध्ये, एकाच जागी उभं राहून जी घरं, झाडं, विहिरी वाचलेल्या असतात, त्यांच्या वजाबाक्या या ताळ्यात येतच नाहीत. दुसरी एक रीत आहे, प्रत्येक बिंदूचा मागच्या बिंदूपासून चढ आणि उतार मांडायची. ती लांब आहे, कंटाळवाणी आहे, पण तिच्यातून मधली नोंदसुद्धा सुटत नाही. आम्हाला दोन्ही शिकवल्या होत्या. मी झटपट होणारी निवडली, कारण मला झटपट हुशार दिसायचं होतं. साहेबांनी विचारलं, "ताळा जुळला?" मी म्हणालो, "जुळला, साहेब." यात एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच ते वाक्य मला सगळ्यांत जास्त छळतं.

चूक कळली ती नकाशा काढताना. तोवर यादी चावडीवर वाचून झाली होती, फुल्या मारून झाल्या होत्या, आणि अक्कानं आमच्या नानांच्या हाती ऑफिसात बिबड्यांची चळत पाठवली होती. मी धुळ्यात टेबलावर वाकून समान उंचीच्या रेषा जोडत होतो. नाल्याकाठच्या उतारावरून रेषा कशा सरळ, निवांत उतरत होत्या, आणि एका घराशी येऊन अडखळल्या. चहूबाजूंनी जमीन खाली, मध्ये एकट्या घराखाली टेकाड. तिथं टेकाड नव्हतं. मी तिथं बसून भाकरी खाल्ली होती, मला माहीत होतं. मोजणीचं पुस्तक काढून वजाबाकी पुन्हा केली. मग पुन्हा केली. दोन्ही वेळा अठ्ठ्याण्णव आलं. साहेब पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं, मध्ये दहा-पंधरा पावलं. मी उठलोसुद्धा. आणि मला दिसले माझ्या कायम नोकरीच्या कागदावर अजून सही न केलेले साहेब, आणि त्यांच्याही पुढे अक्काचा चेहरा, तिच्या चौकटीवर फुली मारायला गेलेला मी. मी परत बसलो. पेन्सिल उचलली आणि त्या घराभोवती एक बंद, गोल, सुंदर रेषा काढली. पाण्यात बेट असावं तशी. इतकी वर्षं झाली, चूक मी विसरू शकलो असतो, चूक कुणाचीही होते. ते बेट मी काढलं, हातानं, जाणूनबुजून, हे मला विसरता येत नाही.

तेव्हापासून पाऊस मला इतरांसारखा दिसत नाही. ज्या आभाळाकडे खानदेशातलं प्रत्येक माणूस डोळे लावून बसतं, त्याच्याकडे मी चोरासारखा बघतो. धुळ्यात चार सरी आल्या की लोक भजी तळतात, आणि मी बसस्टँडवर जाऊन चाळीसगावकडून आलेल्या कंडक्टरला सहज विचारल्यासारखं विचारतो, तिकडं कसा आहे हो पाऊस? दुष्काळाची वर्षं आली तेव्हा मी एकटाच मनातून निवांत होतो, ही लाज तर मी कुणापुढे काढू? स्वप्नात मला पूर दिसत नाही. मला ती दुर्बीण दिसते. तिच्यात अक्काचं घर उलटं टांगलेलं, चूल वर, ओटा आभाळाला लागलेला, आणि वरून, जिथं आता जमीन आहे तिथून, हळूहळू गढूळ पाणी खाली उतरत येतंय. बुडबुडा मात्र मधोमध, अगदी स्थिर.

बांध पुढे झालाच नाही, फुल्या मारलेली घरंही जागची हलली नाहीत. पण नाला होताच, आणि आबांचा दगडही होता. मी त्या गावाला पुन्हा कधी गेलो नाही. रेल्वेनं चाळीसगावला उतरावं लागलं तरी त्या रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचो. यंदा मात्र श्रावणात बातमी आली, डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, नाला गावात शिरला, माणसं सुखरूप आहेत. पेपरात दोन ओळी. मी पाणी ओसरताच निघालो. मनाशी पक्कं ठरवून निघालो होतो, आज सांगायचं.

गावात चिखलाचा वास भरून राहिला होता. पुलाच्या खांबावर आम्ही त्या वेळी काढलेली पुराची रेषा अजून अंधूक दिसत होती, आणि यंदाच्या पाण्याचा ओला डाग तिच्या दीड हात खाली होता. म्हणजे मोठा पूर हा नव्हताच. मी तिथून अक्काच्या घराशी आलो. जुनं घर ओळखू येईना. त्याच जोत्यावर आता सिमेंटच्या खोल्या उभ्या, वर गच्ची, दारात मोटारसायकल, आत टीव्हीचा आवाज. पण पाण्याचा डाग उंबऱ्यावर होता. खांबावर रेषेच्या दीड हात खाली असलेलं पाणी इथं उंबऱ्यावर. पाणी सपाट असतं. त्याला ताळा लागत नाही. ज्या वजाबाकीवर मी गप्प बसलो होतो ती त्या नाल्यानं आपली आपण करून, बरोबर उत्तर दारात लिहून ठेवलं होतं.

आणि त्या डागाच्या खालीच माझा आकडा होता. घर नवं झालं, रंग बदलले, पण जोत्यावरचा तेवढा दगड गिलाव्याविना उघडा ठेवलेला. अंक पुन्हा पुन्हा गिरवलेले, त्यांवर हळदीकुंकू. अक्का आता पार वाकली होती, पण मला आवाजावरून ओळखलं. "इतला साल कथा व्हता रे भाऊ?" म्हणत तिनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती त्या दगडाची पूजा करते, हे मला तिच्या मुलानं सांगितलं. हा मुलगा आमच्या कामाच्या वेळी सुरतेला मिलमध्ये होता, मागाहून परतला आणि त्यानंच घर वाढवलं.

मी विचारलं, पाणी आलं तेव्हा तुम्ही कुठं होता?

"घरमाच," तो हसून म्हणाला. "दुपारनं टाइम व्हता. बठ्ठा लोक शाळामां पयी गयात. शेजारना मानूस मन्हा हात धरी ओढे, चाल म्हने. आम्ही कसाले जाऊत? पानी ऊनं, उंबराले लागनं नि मांगे गयं. आकडा शे ना दारले!"

"चिल्लं-पिल्लं बी आठेच व्हतात," अक्का म्हणाली. "माले भ्याव नही वाटनं. मी पानीमा तुन्हा आकडावर हात ठी बसनू."

तिच्या नातसुनेनं चहा आणला. कडेवर मूल होतं. ते माझ्या चष्म्याकडे हात करत होतं. मी एक घोट घेतला आणि कपबशी खाली ठेवली. जे लोक घाबरले ते पळाले, पाणी आणखी चढलं असतं तरी ते वाचले असते. ही माणसं पळाली नाहीत, कारण भीती मी त्यांच्याकडून काढून घेतली होती. ती सगळी भीती मी एकट्यानं इतकी वर्षं बाळगली, आणि ज्यांना तिची गरज होती ते माझ्या वळणदार अक्षरावर हात ठेवून बसले होते. सांग, सांग, असं माझ्या आत कुणीतरी ओरडत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा छान झालाय."

निघताना अक्का म्हणाली, "आखाजीले ये. बिबडा तयी देसू." मुलानं फोन नंबर दिला.

परवा मी त्याला फोन लावला. म्हणालो, पाऊस वाढला की शाळेत जात जा, उगाच धोका नको. तो खळखळून हसला. "कसाले भ्यातस भाऊ? तुम्हीच ते लिखेल शे!" मी म्हणालो, हो, पण तरीही. तो म्हणाला, "तुम्ही आते म्हतारा व्हई गयात," आणि मग त्यानं मला त्याच्या कपाशीबद्दल सांगितलं. फोन ठेवला तेव्हा मला एक गोष्ट नीट कळली, जी इतकी वर्षं मी कळू दिली नव्हती. आडून सांगून भागणार नाही. काळजीच्या, प्रेमाच्या, सावधगिरीच्या कुठल्याही शब्दांनी ती माणसं त्या घरातून हलणार नाहीत. त्यांना हलवू शकेल असं एकच वाक्य आहे, आणि ते माझ्याखेरीज कुणालाही माहीत नाही.

लोक म्हणतात काळ सगळं बुजवतो. कदाचित माणसांच्या मनातलं बुजवत असेल. जमिनीची उंची तो बदलत नाही. मारुतीची पायरी जागच्या जागी आहे, आबा गेले तरी त्यांनी काठी टेकवलेला दगड आहे, नाला आहे, आणि त्या तिघांमधलं अंतर मी पेन्सिल उचलली त्या दिवशी होतं तेवढंच आज आहे. हे लिहितोय खरा, पण लिहिणं हीसुद्धा टाळाटाळच, हे मला कळतं. कागदाला सांगताना समोर चहाची कपबशी नसते. संध्याकाळ होत आली आहे. कंपाउंडच्या पायथ्याशी त्या पोरांनी लिहिलेला आकडा वाळला असेल, आणि दक्षिणेकडे, डोंगराच्या बाजूला, आभाळ काळं होत चाललंय.

त्या घराचं जोतं अठ्ठ्याण्णव पूर्णांक सातशे पंचेचाळीसवर आहे, पुराच्या रेषेपेक्षा कमरेइतकं खाली. हे मला अक्काच्या दारात उभं राहून, तिच्या तोंडाकडे बघून सांगायचं आहे, आणि तिथला आकडा माझ्या हातानं पुसायचा आहे. हे दोन्ही माझ्याकडून अजून झालेलं नाही.